माडावरचा माणूस खाली कसा आणावा?



काल याच व्यासपीठावरून संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या मराठ्यांच्या आरमारावर आहे, आणि या दोहोंच्या मध्ये चिटणीसांनी आम्हांला उभे केले आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याचे पुस्तक एका हाताशी आणि शब्दकोश दुसऱ्या हाताशी ठेवून. तेव्हा भाषेत काही खडबडीत आढळले तर सांभाळून घ्यावे. विषयाचे नाव कळवले तेव्हा चिटणीसांनी विचारले होते, "माडावर चढणे यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे?" आम्ही म्हटले, चढण्यावर पाच मिनिटे पुरतील, आम्हांला बोलायचे आहे ते उतरवण्यावर.

आपणांपैकी बहुतेकांच्या परसात दोन तरी माड असतील. पावसाळा तोंडावर आला की सुकलेल्या झावळ्या आणि पिकलेले नारळ काढून घ्यावेत, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात ते कौलांवर येतात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठ असते. म्हणून याच दिवसांत आपण पाडेल्याला निरोप धाडता. तो येतो, कमरेला कोयता अडकवतो, पायांत दोरीचे कडे घालतो, खोडाला हात लावून तो हात कपाळाला लावतो, आणि आपला चहा होईतो शेंड्यात जाऊन बसतो. माडी काढणारा भंडारी किंवा गोव्याकडचा रेंदेर तर एकेका झाडावर दिवसातून दोन-तीन वेळा चढतो. हे इतक्या सहजपणे घडते की त्यात काही धोका आहे असे पाहणाऱ्यास वाटतच नाही. वाटते ते कौतुक. कौतुकाला आमची हरकत नाही. परंतु कौतुकाच्या आड बरेच काही झाकले जाते असा आमचा अनुभव आहे.

प्रथम झाड काय आहे ते पाहू. आंबा, फणस, वड यांना फांद्या असतात. पाय घसरला तर एखादी फांदी हाताला लागते, दोर टाकायला बेचके मिळते. माडाला फांदी नाही. पन्नास-साठ फुटांचा एक सरळ खांब आणि वर झावळ्यांचा झुबका, एवढेच. त्या झुबक्यात महिन्याला साधारण एक नवी झावळी येते आणि एक जुनी मरते. मेलेली झावळी काही दिवस जागीच असते, दिसायला धड दिसते, आणि हात घातला की देठासकट सुटून येते. जुने पाडेली सांगतात की नवशिक्याला माड मारत नाही, सुकी झावळी मारते. शिवाय गेंड्या भुंगा शेंडा पोखरतो, सोंड्या भुंगा आतून गाभा खातो. बाहेरून हिरवागार दिसणारा माड आत पोकळ असू शकतो. शेंड्यात गांधीलमाश्यांचे पोळे असते, कधी उंदीर आणि उंदरामागून आलेला साप असतो. आता पन्नास फूट म्हणजे सुमारे पंधरा मीटर. तेथून सुटलेला माणूस पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो, आणि येतो तेव्हा त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर असतो. मोटार साठाने भिंतीवर आदळली तर वर्तमानपत्रात छायाचित्र येते. पाडेली पडला तर ओटीवर लोक म्हणतात, "त्याची वेळ भरली होती."

या वाक्याविरुद्ध आम्ही बरीच वर्षे भांडलो. वेळ भरत नाही, साधन नसते, असे आम्ही गावोगाव सांगत होतो. साधन हळूहळू आलेही. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या जोसेफ नावाच्या शेतकऱ्याने माडावर चढण्याचे यंत्र बनवले. खोडाभोवती तारेचे दोन फास, प्रत्येकाला पाय ठेवायची पायरी आणि धरायला मूठ, एकावर भार ठेवून दुसरे वर सरकवायचे. त्याच केरळात २०११ साली नारळ विकास मंडळाने 'नारळवृक्षाचे मित्र' अशा नावाने तरुणांना यंत्रावर चढण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. चढणारे हात कमी होत चालले होते, हे त्यामागचे कारण. त्या वर्गांत स्त्रियाही शिकल्या, आणि त्या शिक्षणाला 'केरा सुरक्षा' नावाच्या विम्याची जोड मिळाली. हे यंत्र आपल्याकडेही आले. परंतु यंत्र माणसाला चढवते. घसरला तर धरून ठेवायला पट्टा निराळा लागतो. तेव्हा आम्ही पट्ट्यांच्या मागे लागलो. वर्गणी काढली, बागायतदारांचे उंबरे झिजवले, आणि अंगभर बसणारे, खांद्यांवरून आणि मांड्यांखालून जाणारे पट्टे विकत आणले. ज्यांवर आय. एस. ३५२१ हा शिक्का होता तेच आणले, कारण नुसत्या कमरेच्या पट्ट्याने झटका बसला तर पाठीचा कणा आणि पोट यांवर तो सगळा येतो, हे आम्ही तोवर वाचले होते. पट्टे वाटले त्या दिवशी आम्ही सभेत मोठ्या अभिमानाने म्हणालो होतो की यापुढे आमच्या युनियनचा एकही माणूस माडावरून पडून मरणार नाही.

ते वाक्य खरे ठरले. कसे ठरले तेच आज सांगावयाचे आहे.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. समुद्राकाठच्या एका वाडीत आमचा एक सभासद नारळ काढायला गेला. वय पंचेचाळीसच्या घरात, विसाहून अधिक वर्षांचा सराव, दारूला न शिवणारा माणूस. झाडामागे तीस रुपये आणि एक नारळ असे ठरले होते. त्याने यंत्र लावले, पट्टा घातला, वर जाऊन पट्ट्याची दोरी खोडाभोवती आवळून घेतली. सगळे आम्ही शिकवले तसे. झावळीआड पोळे होते ते खालून दिसले नाही. माश्या तोंडावर आणि मानेवर बसल्या. त्याने एकदा हाक मारली, मग मान खाली पडली. पट्ट्याने त्याला धरले. तो पडला नाही. बत्तीस-तेहतीस हात उंचावर, खोडाला चिकटून, हातपाय सोडून तो लटकत राहिला.

खाली कोण होते? वाडीची म्हातारी मालकीण आणि नारळ गोळा करणारा तेरा-चौदा वर्षांचा एक पोरगा. पोराने हाका मारल्या, मग तो रस्त्याकडे धावला. अग्निशमन दलाचा बंब तालुक्याहून निघाला. तो आलाही, पण वाडीत जाणारी पाणंद बैलगाडीच्या रुंदीची, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. शिडीची गाडी रस्त्यावरच थांबली. शेजारच्या गावात दुसरा पाडेली होता, तो सायकलवरून आला. त्याच्यापाशी यंत्र नव्हते. जे होते ते वर अडकले होते. तो बिचारा जुन्या पद्धतीने पायांत कडे घालून चढला, पण खोडावर वरच्या यंत्राच्या तारा आडव्या, त्यांच्या वर जाता येईना. शेवटी त्याने खालूनच एक दोर त्याच्या पट्ट्यात ओवला, दुसऱ्या टोकाला खाली चौघे उभे केले आणि कोयत्याने बांधलेली दोरी कापली. तोवर सव्वा तास झाला होता. खाली आला तेव्हा तो गेलेला होता.

मरण माश्यांच्या विषाने आले की लटकून राहिल्याने, हे डॉक्टरांना नक्की सांगता आले नाही. आम्ही तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको पडवीत बसली होती. ती रडली नाही. आम्हांला म्हणाली, "भाऊ, पट्ट्यान धरून ठेयल्यान. मगे खाली कोणी आणूचा?"

पट्टा आम्हीच दिला होता. या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आणि उत्तर नव्हते याचे कारण असे की तोपर्यंत तो प्रश्न आमच्या मनातच आला नव्हता. पडणे थांबवले की काम संपले अशी आमची समजूत. वास्तविक पडणारा माणूस पट्ट्याने थांबला की तेथून दुसरे काम सुरू होते, आणि त्या कामाला घड्याळ लागलेले असते.

ते घड्याळ कसे चालते हे आम्ही नंतर समजून घेतले. आपण उभे असताना पायांतले रक्त वर ढकलण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. आपण पाय हलवतो, ते आवळतात, रक्त वर येते. पट्ट्यात निश्चल लटकलेल्या माणसाचे पाय हलत नाहीत. रक्त खाली साचते, मेंदूला कमी पडते. जमिनीवर घेरी आलेला माणूस आडवा होतो आणि आडवा झाल्यानेच शुद्धीवर येतो. निसर्गाने ती सोय केलेली आहे. लटकलेल्याला आडवे होता येत नाही. निरोगी माणसांना पट्ट्यात लटकवून चाचण्या घेतल्या गेल्या आहेत, त्यांतही काहींना थोड्याच मिनिटांत घेरी येऊ लागली. मग ज्याला विषारी डंख झालेत, किंवा ज्याच्या हातावर कोयता बसून रक्त जाते आहे, त्याला किती वेळ मिळणार? मदत तालुक्याहून येणार असेल तर ती मदत नव्हे. मदत त्याच झाडाखाली उभी असली पाहिजे.

आम्ही धडपडत इंग्रजी नियम वाचू लागलो, आणि वाचताना पुष्कळदा शरम वाटली. ब्रिटनमध्ये २००५ सालापासून उंचावरील कामाचे नियम लागू आहेत. त्यांत कामाची आखणी करतानाच अपघात झाल्यास काय करावयाचे आणि सुटका कशी करावयाची याचीही आखणी करावी असे सांगितले आहे. तेथील झाडे छाटणाऱ्यांसाठी मार्गदर्शन आहे की दोर बांधून झाडावर चढण्याच्या कामावर कमीत कमी दोन माणसे हवीत, आणि जमिनीवर असलेल्यांपैकी एक जण विनाविलंब वर जाऊन सुटका करू शकेल असा शिकलेला आणि साधनांनिशी तयार असला पाहिजे. नुसता माणूस नव्हे. चढू शकणारा माणूस. आमचा तेरा वर्षांचा पोरगा या व्याख्येत बसत नव्हता.

अमेरिकेतली हकीकत याहून मनाला लागणारी आहे. १९६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क राज्यात झाडावर काम करताना एक तरुण मेला. त्याच्या आईने घरी बसून दुःख करण्याऐवजी सह्या गोळा केल्या, अर्ज केले, या धंद्याला नियम असले पाहिजेत म्हणून लकडा लावला. त्या खटाटोपातून झाडांवरील कामाची एक प्रमाण नियमावली तयार झाली आणि १९७२ साली ती प्रसिद्ध झाली. झेड १३३ हे तिचे नाव. दर काही वर्षांनी सुधारून ती आजही वापरात आहे. त्याच देशात १९७६ साली सेंट लुईस येथे झाडावर चढणाऱ्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या, त्या आता आंतरराष्ट्रीय झाल्या आहेत. त्या स्पर्धांत नुसते भरभर चढण्याचे बक्षीस नसते. झाडावर माणसाएवढा बाहुला जखमी म्हणून अडकवून ठेवतात, आणि स्पर्धकाने पाच मिनिटांच्या आत वर जाऊन त्याला जपून खाली आणावयाचे असते. आमच्याकडे जत्रेत ओल्या खांबावर चढण्याच्या शर्यती आम्ही लहानपणी पाहिल्या, त्यांत भागही घेतला. वरच्याला खाली आणण्याची शर्यत लावावी हे आपल्यापैकी कोणाला सुचले नाही.

मात्र परदेशातली पद्धत उचलून माडाला लावता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांची सारी करामत फांदीच्या बेचक्यावर चालते. दोर बेचक्यातून टाकायचा, त्यावर लटकायचे, दुसऱ्याने दुसऱ्या फांदीवरून शेजारी यायचे. माडाला बेचके नाही, आणि झावळीच्या देठावर दोर टाकणे म्हणजे मरणाला आमंत्रण. शिवाय एका खोडावर दोन यंत्रे लागली तर खालचे वरच्याला ओलांडू शकत नाही. म्हणून आमच्या माणसांनी आपली पद्धत आपणच बसवली. रविवारी एका सभासदाच्या वाडीत आम्ही जमू लागलो. वाळूचे पोते एका जुन्या पट्ट्यात बांधून शेंड्याखाली लटकवायचे आणि घड्याळ लावून ते खाली आणायचे.

पहिल्या रविवारी पाऊण तास लागला. पोते जिवंत असते तर मेले असते. दोराची गाठ भार पडल्यावर अशी आवळली की सुटेना. ज्याच्याकडे कोयता होता तो वर, आणि कापायची दोरी त्याच्या हाताच्या पलीकडे. खालच्या चौघांपैकी दोघे ओढत होते आणि दोघे सोडत होते. एका रविवारी आम्ही मुद्दाम कोणासही न सांगता मध्येच म्हटले, "आता १०८ ला फोन करा." फोन वर चढलेल्याच्या खिशात होता. दुसरा फोन मिळाला, तर बोलणाऱ्याला वाडीचा पत्ता सांगता येईना. "आमची वाडी" याहून जास्त त्याला ठाऊकच नव्हते. हसू नका. आपणही रात्री घाबरलेल्या अवस्थेत आपल्या घराचा पत्ता रुग्णवाहिकेच्या माणसाला कसा सांगाल, एकदा मनात म्हणून पाहा.

हळूहळू रीत ठरली. चढणारा वर जाताना आपल्याबरोबर झाडाच्या उंचीच्या दुपटीहून लांब असा एक दोर नेतो, शेंड्याखाली खोडाला बांधलेल्या भक्कम कडीतून तो ओवतो आणि एक टोक आपल्या पट्ट्याला लावतो. दुसरा भाग खाली येतो. तो शेजारच्या झाडाच्या बुंध्याला बांधलेल्या, आठाच्या आकड्यासारख्या लोखंडी कडीतून फिरवून ठेवलेला असतो. त्या कडीच्या घर्षणामुळे एकटा माणूसदेखील साठ-सत्तर किलोचा भार धीमेपणाने सोडू शकतो. वरच्याची शुद्ध गेली आणि त्याचा भार या दोरावर असला, तर कोणी वर न जाताच तो खाली येतो. परंतु अडचण येथेच आहे. काम करताना तो खोडाभोवती आवळलेल्या दुसऱ्या दोरीवर रेलून असतो, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. ती दोरी कोणी सोडवल्याशिवाय खालून कितीही सोडा, माणूस जागचा हलत नाही. म्हणजे कोणीतरी वर गेलेच पाहिजे. त्यासाठी खाली दुसरे यंत्र, दुसरा पट्टा आणि म्यानात धारदार सुरी, आणि ती वापरू शकणारा माणूस. तो वरच्याच्या पायांपर्यंत जातो, आधी त्याचा भार लांब दोरावर आला आहे याची खात्री करतो, मगच आवळलेली दोरी कापतो. आधी खात्री, मग सुरी. हा क्रम चुकला तर सुटका करणाराच मारेकरी ठरतो. सहा-सात महिन्यांच्या सरावानंतर पोते दहा-बारा मिनिटांत खाली येऊ लागले. पाच मिनिटांचे परदेशी बक्षीस आम्हांला मिळणार नाही; पण सव्वा तास आणि बारा मिनिटे यांत जे अंतर आहे ते एका माणसाचे आहे.

खाली आणल्यावर काय, यातही आम्ही चुकीचे शिकलो होतो. लटकलेल्या माणसास खाली आणल्यावर बसते ठेवावे, एकदम निजवू नये, असे पूर्वी सांगत. २००९ साली ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने करविलेल्या तपासणीत या समजुतीला आधार सापडला नाही. आडवे निजवावे, श्वास चालू आहे की नाही पाहावे, बेशुद्ध माणसाला करतात तो नेहमीचाच प्रथमोपचार करावा. पडून मार लागलेला असेल तर मात्र हातापायांना धरून उचलू नये, पाणी पाजू नये, फळीवर सरळ ठेवावे. आपण लोक प्रेमाने उचलतो आणि त्या उचलण्यानेच कणा जायचा तो जातो.

विजेच्या तारेबद्दल दोनच वाक्ये, कारण त्यात चर्चेला जागा नाही. वरचा माणूस तारेला चिकटला असेल तर वीज बंद झाल्याचे लाइनमनने स्वतः सांगेपर्यंत कोणी वर जाऊ नये, झाडाला हात लावू नये. ओली झावळी आणि लोखंडी आकडी तार असते तशीच समजावी. मुंबईकडे पावसापूर्वी छाटणीची कंत्राटे निघतात तेव्हा आमच्या भागातली पोरे तिकडे जातात. तेथे माडापेक्षा तारांचे भय अधिक, आणि कंत्राटदाराखाली कंत्राटदार असा उतरंडीचा कारभार असल्याने खाली उभा राहायला कोणी नसतो.

आता पैशाचा प्रश्न, कारण शेवटी सगळे तेथे येऊन थांबते. बागायतदार विचारतात, एका माणसाचे काम, दोघांची मजुरी का द्यावी? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की दुसरा माणूस आपण आजही ठेवताच: नारळ गोळा करायला, मोजायला, झावळ्या ओढायला. तेथे पोरगा किंवा म्हातारा ठेवता, त्याजागी चढणारा ठेवा. दोघे आळीपाळीने चढतील, संध्याकाळी थकव्याने होणारे अपघातही कमी होतील. खर्च थोडा वाढतो हे आम्ही लपवत नाही. दुसरे यंत्र प्रत्येकाला परवडत नाही म्हणून गावातल्या एका ठिकाणी एक पेटी ठेवावी असे आम्ही ठरवले. पहिल्या गावात ती पेटी कुलूप लावून ठेवली गेली आणि किल्ली घेऊन अध्यक्ष मुंबईला मुलाकडे गेले. आता पेटीला कुलूप नाही, दोरीची गाठ आहे. काही चोरीस गेले नाही.

आणि सरकार? १९२३ सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्याला धोक्याची कामे करणाऱ्यांची एक यादी जोडलेली होती. तीत ताडमाडाचा रस काढणारा होता, झाडे तोडणारा होता, हत्ती पकडणारासुद्धा होता. नारळ पाडणाऱ्याचे नाव आम्ही त्या यादीत शोधत राहिलो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण जुना कायदा असो की नवी संहिता, भरपाई मागायला एक मालक दाखवावा लागतो, आणि पाडेल्याला एका सकाळीच सहा मालक असतात. पहिल्याच्या झाडावर पाय दुखावला आणि चौथ्याच्या झाडावरून पडला तर मालक कोणता? महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सुरक्षा योजना आहे. उंचावरून पडून मृत्यू आला तर दोन लाख रुपये मिळतात. मात्र ती खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. म्हणजे एकाच माडावरून मालक पडला तर दोन लाख, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेला पाडेली पडला तर काही नाही. झाड तेच, उंची तीच. तूर्त आम्ही आमच्या सभासदांचा वर्षाला वीस रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा उतरवतो, त्याचे मृत्यूपश्चात दोन लाख मिळतात. बँकेच्या खात्यात नेमक्या त्या दिवशी वीस रुपये असावेत यासाठी मे महिन्यात घरोघर फिरावे लागते. अध्यक्षमहाराज वकील आहेत. संहितेखालच्या यादीत फळे पाडणाऱ्याचे नाव घालण्याबद्दलचा अर्ज आम्ही बरोबर आणला आहे; त्यांनी तो तपासून द्यावा अशी विनंती येथेच करून ठेवतो.

एक आक्षेप आम्हांला प्रत्येक सभेत ऐकू येतो. आजही कोणीतरी मनात म्हणतच असेल: ही माणसे पिऊन चढतात, त्याला कोण काय करणार? काही जण पितात. आम्ही ते नाकारत नाही, आणि प्यालेल्याला त्या दिवशी खाली ठेवायचे हा युनियनचा नियम आहे. तो मोडल्याबद्दल दोघांना आम्ही काढलेही आहे. परंतु ज्याची गोष्ट आपल्याला सांगितली तो पीत नव्हता. आणि पिणारा असता तरी त्याला सव्वा तास तसेच लटकवून ठेवावे असे त्याच्यावर रागावलेला माणूसदेखील म्हणणार नाही.

तेव्हा या पंधरवड्यात आपल्या परसात पाडेली आला म्हणजे चढण्यापूर्वी त्याला थांबवा आणि विचारा, "दुसरा कोण आहे? तो चढतो का? त्याचे यंत्र कोठे आहे?" शेंड्यात पोळे दिसते का हे दोघांनी दोन बाजूंनी पाहावे. आपल्या घराचा पत्ता, जवळची खूण आणि रुग्णवाहिका कोठवर येऊ शकते हे एका कागदावर लिहून दाराशी लावावे. मुलांना झाडाखालून दूर ठेवावे. दुसरा माणूस नसेल तर त्या दिवशी नारळ राहू द्यावेत. पाडेली रागावेल, रोज बुडाला म्हणेल, आम्हांला शिव्या देईल. शिव्या आमच्या नावावर घाला.

उद्या सकाळी आठ वाजता, ऊन चढण्यापूर्वी, मराठी शाळेच्या मागच्या वाडीत आमचे सहा गडी वाळूचे पोते खाली आणण्याचे काम करून दाखवतील. ज्या बाईंनी आम्हांला तो प्रश्न विचारला त्यांचा मुलगा त्या सहांत आहे. दोर सोडण्याचे काम त्याच्याकडे असते. घड्याळ धरायला श्रोत्यांपैकी कोणी एकाने यावे, आमचे घड्याळ आम्ही धरले तर लोकांचा विश्वास बसत नाही.